कुवेतची मशीन, जांभ्याची जमीन

(खिळ्यांचा डबा ओट्यावर उपडा होतो. खिळे, जुन्या किल्ल्या आणि एक पांढरा प्लग.)

हा प्लग कुवेतहून आलाय. तीन चपट्या पिना, आणि पिनांच्या मधोमध हे छोटंसं झाकण. उचकटलं तर आत चिनीमातीच्या नळीतला फ्यूज दिसतो. वॉशिंग मशीनबरोबर हा प्लग कार्गोनं खेड तालुक्यातल्या या घरी पोहोचला आणि पहिल्याच दिवशी पक्कडीनं छाटला गेला. बोर्डात बसत नव्हता, एवढंच कारण. काकींनी तो टाकला नाही, डब्यात ठेवला, म्हणून आज दाखवता येतोय.

(प्लग, आणि शेजारी आपला गोल पिनांचा थ्री पिन टॉप.)

हे दोघे खरं तर एकाच घरचे. आपल्या भिंतीतली तीन गोल भोकं ब्रिटिशांचीच. 1934 च्या बीएस 546 या ब्रिटिश मानकात हा गोल पिनांचा प्लग आहे: छोटा 5 अँपिअरचा, मोठा 15 चा. आज आपण त्यांना 6 आणि 16 चा पॉइंट म्हणतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला तांबं वाचवायचं होतं. म्हणून त्यांनी घराभोवती वायरचं एकच कडं फिरवलं आणि सगळे सॉकेट त्यावर बसवले. कड्याला फ्यूज 30 अँपिअरचा, म्हणजे बारीक वायरीच्या दिव्यासाठी फारच मोठा. तेव्हा ज्याचा-त्याचा फ्यूज ज्याच्या-त्याच्या प्लगात घातला. हा चपट्या पिनांचा प्लग, बीएस 1363, आला 1947 साली. त्याच वर्षी आपण स्वतंत्र झालो आणि गोल पिनाच ठेवल्या. कुवेत, कतार, दुबईनं चपट्या पिना घेतल्या.

दोन्ही प्लगांत एक गोष्ट मात्र बदलली नाही. वरची पिन नीट बघा. बाकी दोघींपेक्षा लांब आहे. प्लग आत जाताना ती आधी टेकते, बाहेर येताना शेवटी सुटते. वीज मशीनपर्यंत पोहोचायच्या आधी तिचा जमिनीकडचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, तयार असावा, म्हणून ती पिन लांब ठेवलीय.

(न्हाणी. मशीनच्या मागची वायर. काळ्या चिकटपट्टीची गाठ.)

आता मशीनच्या मागे जाऊ. तपकिरी वायर फेज, म्हणजे वीज आणणारी; निळी न्यूट्रल, म्हणजे परत नेणारी. दोन्ही एका दोन पिनांच्या टॉपात गेल्यात. आणि ही तिसरी, हिरवी-पिवळी, अर्थिंगची. दुमडून, चिकटपट्टी गुंडाळून तशीच सोडून दिलेली. ज्यानं सोडली त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. न्हाणीतल्या बोर्डापर्यंत दोनच वायरी आल्यात. तिसरी जोडायची कुठं?

(मशीनसमोर लाकडी पाट. पाटावर ओले, अनवाणी पाय.)

हा पाट देवपूजेचा नाही आणि जेवणाचाही नाही. कपडे काढताना काकी त्यावर उभ्या राहतात. "फरशीवर उभं राहिलं की मुंग्या येतात हाताला," त्या सांगतात. "पाटावर नाही येत."

(टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकतो. निऑन पेटतो.)

मशीन बिघडलेली नाही. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये विजेतली खरखर गाळणारा फिल्टर असतो. त्यातून किंचित करंट पत्र्यावर उतरतो आणि हिरव्या-पिवळ्या वायरीनं जमिनीत निघून जातो. रचनाच तशी आहे. ती वायर सुटली की पत्र्यावर साधारण 115 व्होल्ट येऊन थांबतात, आपल्या 230 च्या निम्मे. करंट इतका थोडा की नुसत्या मुंग्या. पण माणूस मुंग्यांना सरावतो. ज्या दिवशी आतल्या हीटरला तडा जाईल किंवा मोटारीचं इन्सुलेशन जळेल, त्या दिवशी याच पत्र्यावर पूर्ण 230 असतील, आणि हात रोजच्यासारखाच लागेल.

मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या वाडीत एक बाई अशाच गेल्या. त्या घरी आम्ही कॅमेरा नेला नाही.

(वायरमनचं दुकान. काचेच्या टेबलावर मांडलेले प्लग.)

वायरमनदादांच्या टेबलावर परदेशातून आलेले, कापून घेतलेले प्लग. हा जर्मनीचा, जाडजूड, गोल. याला अर्थिंगची पिनच नाही. कडेला या दोन पत्र्याच्या पट्ट्या आहेत, त्याच अर्थिंग. आपल्या 6 च्या सॉकेटमध्ये याच्या दोन पिना शिरतात, किटली गरम होते, आणि पट्ट्या हवेत राहतात. सगळ्या देशांचे प्लग घेणाऱ्या मल्टीप्लगातही तेच. हा अमेरिकेचा. तिथं 120 व्होल्ट. हजार वॅटचा टोस्टर थेट आपल्याकडे लावला तर साडेतीन हजार वॅटच्या पुढे ओढू लागतो. आणि त्यांच्या वायरीत काळी म्हणजे फेज. आपल्याकडे काळी म्हणजे न्यूट्रल, हे तर पोरांनाही पाठ.

दादा आणखी एक सॉकेट उघडून दाखवतात. दुसऱ्या घरातून काढलेलं. अर्थिंगच्या भोकापासून न्यूट्रलला एक इंचभर तार जोडलेली. मशीन लावली, मुंग्या गेल्या, सगळे खूश. पण मागे कुठं न्यूट्रल सुटला, तर त्याच इंचभर तारेतून फेज मशीनच्या अंगावर येतो. हे काम कुणी करून देत असेल तर त्याला थांबवा. हात जोडून सांगतोय.

(पहाट. घराची मागची बाजू. पहार जांभ्यावर आदळते.)

महावितरणची वायर मीटरपर्यंत येते. घराच्या अर्थिंगचा खड्डा आपला आपण खणायचा. आणि कोकणात तो खणणं म्हणजे काय, ते इथं दिसतंय. वर वीतभर लाल माती, खाली जांभा. पहार, घण, पुन्हा पहार. एक जण आत, एक जण वर घमेलं ओढायला. पहिला दिवस मावळला तेव्हा खड्डा कमरेइतका होता. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं दिसेनासं झालं.

(जीआय पाइप खांद्यावरून येतो.)

पाइप जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा. 40 मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांब. अंगभर भोकं पाडलेली, ओल पसरायला. तो मधोमध उभा धरायचा आणि भोवती थर द्यायचे: कोळसा, जाडं मीठ, पुन्हा कोळसा. कोळसा ओल धरून ठेवतो. मीठ विरघळून वीज पसरवतं, आणि हेही खरं की तेच मीठ हळूहळू पाइप खातं. वर नरसाळं, नरसाळ्यावर जाळी, भोवती विटांची चौकट. पाइपपासून जाड जीआय तार बोर्डापर्यंत, आणि तिथून न्हाणीपर्यंत नवी हिरवी वायर. नरसाळ्यात पाण्याची पहिली बादली काकींनी ओतली.

(अर्थ टेस्टर. जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्या. मीटर जवळून.)

मे महिना. जमीन सर्वात कोरडी असते तेव्हाच मोजायचं, म्हणजे नंतर फसगत होत नाही. मीटर खड्ड्याचा रोध सांगतोय, 40 ओहम. जितका कमी तितका चांगला. दादा मान हलवतात, जांभ्यात एका पाइपला एवढं वाईट नाही म्हणतात.

पण हिशेब करून बघू. 230 भागिले 40. पावणेसहा अँपिअर. मशीनच्या पत्र्यावर पूर्ण फेज आला तरी या खड्ड्यातून पावणेसहा अँपिअरच जमिनीत जाणार. न्हाणीचा एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, 16 अँपिअरचा. तो पडणारच नाही. खड्डा आहे, हिरवी वायर आहे, आणि तरी पत्रा जिवंत! अर्थिंग केलं म्हणजे झालं, असं आम्हीही शूटिंगच्या आधी धरून चाललो होतो.

(बोर्डात बसवला जाणारा ईएलसीबी. निळं बटण.)

म्हणून हा ईएलसीबी, 30 मिलिअँपिअरचा. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, एवढंच हा बघतो. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात वीज तोडतो. अर्थिंग नसतानाही तो पडतो, पण तेव्हा त्याला पाडणारा करंट तुमच्या अंगातून गेलेला असतो. अर्थिंग असलं की बिघाड होताक्षणी पडतो, घरात कुणी नसलं तरी.

(टॉप बसवताना हात. हिरवी-पिवळी वायर स्क्रूखाली जाते.)

चिकटपट्टी सोडवली. दोन वर्षं दुमडलेली तार सरळ केली, टोक सोललं, नव्या 16 च्या टॉपात वरच्या जाड पिनेच्या स्क्रूखाली आवळलं. चार-पाच मिनिटांचं काम.

(टेस्टर पत्र्याला टेकतो. निऑन पेटत नाही.)

(काकी बोर्डापाशी. टेस्टचं बटण. पंखा थांबतो.)

हे बटण महिन्यातून एकदा दाबायचं. काकींनी दोनदा दाबून बघितलं.

(न्हाणी. काकी पाट उचलून भिंतीला टेकवतात. पाटाखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा फिकट. मशीन सुरू होते.)