आठची ड्युटी

माइक जरा वर घ्या. हां. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सलग प्रसूतिसेवा आणि नव्या मिडवाइफना आधार’. मिडवाइफ म्हणजे बाळंतपण करणारी प्रशिक्षित बाई, आणि सलग म्हणजे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत तीच एक. चाळीस मिनिटं दिली होतीत, त्यातली पंधरा सत्कारात गेली. नारळ अजून मांडीवर आहे.

आधी एक गोष्ट. माझ्या विद्यार्थिनींना ती पाठ आहे, त्यांनी खुशाल डबा खाऊन घ्यावा.

१९८६ साल. पास होऊन मला जेमतेम तीन आठवडे झालेले. परळच्या बाजूचं एक प्रसूतिगृह, नाव नको. नाइटला एक पहिलटकरीण आली. संपानंतर गिरणी सुटलेल्या कामगाराची बायको. कळ आली की माझं मनगट घड्याळाच्या पट्ट्यासकट आवळायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देईना. सकाळी आठला ड्युटी बदलली, तेव्हा गर्भाशयाचं तोंड सात सेंटिमीटर उघडलेलं. मी म्हटलं, थांबते. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “सही करा आणि निघा. आज थांबलात तर रोज थांबावं लागेल.” निघाले. डोंबिवलीपर्यंत उभ्यानं झोपत गेले. रात्री परत आले तर बाई मुलीला पाजत होती. माझ्याकडे बघेना. मग एवढंच म्हणाली, “सिस्टर, कुठं गेलात?”

पट्ट्याचं एक भोक फाटलं होतं. घड्याळ अजून आहे, बंद आहे.

मोठ्या सिस्टरांवर मी वीस वर्षं धुसफुसले. आता नाही. मी थांबले असते आणि बाळाच्या आधी नाळ बाहेर आली असती, तर विचारणार कुणाला? फोन मेट्रनच्या केबिनमध्ये, केबिनला कुलूप.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

न्यूझीलंडमध्ये गरोदरपणापासून बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत बहुतेक बायांना एकच मिडवाइफ बघते. नवी मुलगीही थेट स्वतःच्या बाया घेऊ शकते, पण २००७ पासून तिथे पहिल्या वर्षाला अनुभवी मिडवाइफची सोबत मिळते. इंग्लंडनं अशा सेवेसाठी एका मिडवाइफमागे वर्षाला साधारण ३६ बाया धरल्या होत्या. माणसंच पुरेनात, म्हणून ही सेवा ठरल्या मुदतीत सुरू करण्याचं उद्दिष्ट २०२२ मध्ये काढून घेतलं. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राच्या सूचना आल्या, नर्सला मिडवाइफ होण्यासाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण. छान. एकोणिसाव्या महिन्यात तिचं काय?

नव्या मुलीला काय द्यावं, पटापट सांगते. सुरुवातीला बाया थोड्या. एक जोडीदारीण, जिला तिच्या बाया तोंडओळखीनं माहीत आहेत, म्हणजे सुट्टीला फोन खरोखर बंद ठेवता येईल. आणि एका मोठीचा नंबर, रात्री तीनला उचलला जाणारा, “एवढ्यासाठी उठवलंस?” न म्हणणारा. त्या मोठीला त्या तासांचे पैसे द्या, रजिस्टरात रकाना करा. उपकाराचा फोन चौथ्या रात्री कुणी उचलत नाही.

हो, मागच्या ताई, विचारा. ...बरोबर. रात्री एक ते चार लोकल नसते, अंबरनाथची मुलगी परळला पोचणार कशी? नाहीच पोचणार. म्हणून तिला बाया अंबरनाथच्याच द्या.