पश्चिम समुद्राचे मांडलिक : उत्तर कोकणचे शिलाहार

[दृश्य : अलिबागजवळचं आक्षी गाव. शिळेवर तिरपं ऊन.]

कोकणात गावाच्या शिवेवर असा एखादा दगड उभा दिसतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी. आणि खाली, जरा वाकून बघा, एक बाई आणि एक गाढव. शेंदूर लागला की गाव त्याला देव म्हणतं. खरं तर ती धमकी आहे. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, आणि जो ते मोडेल त्याच्या आईची अशी गत होईल. मूळ शब्द इतके उघडे की माईकसमोर म्हणवत नाहीत. या दगडाला म्हणतात गधेगळ. अशी शापवाणी कोरणाऱ्या राजवटींमध्ये ठाण्याचे शिलाहार ठळक.

आक्षीचा लेख मराठीत आहे. शके 934, म्हणजे 1012, असं त्याचं वाचन केलं जातं. काही अभ्यासक तो पुढचा मानतात. त्यात राजा केसिदेवराय स्वतःला म्हणवतो 'पस्चीमसमुद्राधीपती'. हो, 'पस्चीम'च. बोलीतला उच्चार जसाच्या तसा दगडात उतरलाय.

बिरुद मोठं, पण जमिनीवर हे राजे बहुतेक काळ कुणाचे तरी मांडलिक. नवव्या शतकात राष्ट्रकूटांचे, पुढे कल्याणीच्या चालुक्यांचे. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहार राजा कपर्दी दुसरा याच्या काळातले लेख आहेत, त्यांत राष्ट्रकूट अमोघवर्षाचं नाव धन्याच्या जागी येतं. आणि दान मिळालंय बौद्ध भिक्षूंना.

[दृश्य : चौलची खाडी, ओहोटी.]

यांची खरी मिळकत बंदरांची. ठाणे, सोपारा, नागाव, चौल. 1094 च्या खारेपाटण ताम्रपटात राजा अनंतदेव आपल्या दोन प्रधानांच्या गलबतांना या बंदरांवर जकात माफ करतो. प्रधानच गलबतांचे मालक, आणि सवलतही त्यांनाच! हे वाचताना हसू येतं, आणि ओळखीचंही वाटतं.

राजा अपरादित्य मात्र वेगळा. याज्ञवल्क्य स्मृती या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर त्याने भाष्य लिहिलं, आणि काश्मीरच्या पंडितसभेत तेजकंठ नावाचा दूत पाठवला. त्या सभेचं वर्णन काश्मिरी कवी मंखाने करून ठेवलंय.

[दृश्य : अंबरनाथ, वालधुनी नदीचा काठ.]

शके 982, म्हणजे 1060. राजा मुम्मुणीच्या काळातला लेख या शिवमंदिराच्या तुळईवर आहे. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वर चढायचं नाही, पायऱ्या उतरायच्या. बाहेर रिक्षांचे हॉर्न. खाली पोचेपर्यंत ते विरतात, ओल्या दगडाचा वास येतो.

[दृश्य : बोरिवली, एकसर. वीरगळ.]

शेवटचा राजा सोमेश्वर. साधारण 1265 च्या सुमारास देवगिरीचा महादेव यादव कोकणावर उतरला. जमिनीवर हरलेला सोमेश्वर गलबतांवर चढला. यादवांच्या हत्तींना जिथे येता येणार नाही तिथे तो गेला, पण यादवांनीही नौका आणल्या. तो बुडाला. यादवांचा प्रधान हेमाद्री याने लिहिलंय की महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल, म्हणजे पाण्याखालचा अग्नी, बरा वाटला.

एकसरचे हे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, त्याच लढाईचे की आधीच्या कुठल्या, यावर वाद आहे. पण दगडावर गलबतांची रांग आहे, आणि प्रत्येक गलबताच्या कडेला ओळीने वल्ही.