गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

[काळा पडदा. फक्त तानपुरा.]

२४ डिसेंबर १९६७. नाट्यसंपदा या संस्थेनं एक नवं संगीत नाटक रंगमंचावर आणलं, ‘कट्यार काळजात घुसली’. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचं. आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे.

तेव्हा संगीत नाटक म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट, असं बऱ्याच जणांचं मत झालं होतं. त्यात या नाटकात दोन घराण्यांचं भांडण, म्हणजे भांडायचं ते गाऊनच. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद यात दोन चालींत आहे. एक प्रसाद सावकारांच्या गळ्यातली, दुसरी वसंतरावांची. शब्द तेच, पण एक चाल मायेनं जवळ बसवून घेते आणि दुसरी अंगावर धावून येते. दोन गायकींतला फरक समजावून सांगायला दारव्हेकरांना वेगळा संवाद लिहावाच लागला नाही.

[जुन्या नाट्यगृहाचा रंगमंच. ऑर्गनवर फिरणारी बोटं.]

ज्यांनी हे नाटक पाहिलं, त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हमखास येते. वसंतराव तान घ्यायचे तेव्हा मानेच्या शिरा दिसायच्या. पुढच्या रांगेला घामही दिसायचा. तान चुकली असती तर तीही सगळ्यांसमोर चुकली असती. भूमिका करणारा आणि गाणारा माणूस एकच. एकदा पट्टी लागली की मागे फिरायला वाव नाही.

[चित्रपटगृहातला अंधार.]

१२ नोव्हेंबर २०१५. दिवाळीचे दिवस. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला ‘कट्यार’ पडद्यावर आला. मी गेलो तो खरं सांगायचं तर थोडा कुरबुरतच. अभिषेकीबुवांच्या चालींशेजारी शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी? पण ‘सूर निरागस हो’ सुरू झालं आणि लक्षात आलं, ही नांदीच आहे. गणपतीला हात जोडल्याशिवाय मराठी संगीत नाटक सुरू होत नाही, हे या मंडळींना नेमकं कळलं होतं.

शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. ‘सुरत पिया की’ लागल्यावर त्यांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. एका जागेला त्यांच्या तोंडून मोठ्यानं “वा!” निघून गेलं. मग ते जरा ओशाळून इकडेतिकडे बघू लागले. पडद्यावरचा गायक काही त्या “वा”ला हसून मान डोलावणार नव्हता. वन्समोअर मागायची तर सोयच नाही.

[ध्वनिमुद्रणाचा मायक्रोफोन, अगदी जवळून.]

पडद्यावरचे खाँसाहेब सचिन पिळगांवकरांचे, त्यांचा आवाज राहुल देशपांडे यांचा. वसंतरावांचे हे नातू. आजोबा १९८३ मध्ये गेले तेव्हा राहुल चार वर्षांचेही नव्हते. खाँसाहेबांच्या प्रतिस्पर्ध्याचा शिष्य सदाशिव, या भूमिकेत सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा. ‘अरुणी किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गंमत अशी की, चित्रपटाच्या काही वर्षं आधी याच नाटकाचे नव्यानं प्रयोग झाले, तेव्हा राहुल आणि महेश याच दोन भूमिकांत स्वतः उभे राहून गात होते. पडद्यानं त्यांचे गळे घेतले आणि चेहरे दुसऱ्यांचे लावले.

मला हे खटकलं, नाही असं नाही. सचिन यांनी डोळ्यांतून, जबड्यातून त्या तानांचा माज छान आणला आहे. तरी आपलं मन ओठांवर पहारा करत बसतं.

मग खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडित भानुशंकर येतात, म्हणजे शंकर महादेवन. इथे मात्र गळाही त्यांचा, चेहराही त्यांचा. श्वास घेतल्यावर छाती फुगते ती खरी. आणि कथा काय करते? नेमका याच माणसाचा आवाज काढून घेते! शेंदूर खाऊ घालून. ज्याच्याकडे स्वतःचा गळा आहे, तो पुढे मुका. बाकीचे दुसऱ्यांच्या गळ्यानं गात राहतात. हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण त्यानंतर पंडितजी गप्प बसलेले दिसले की, माझं खाँसाहेबांच्या गाण्याकडचं लक्ष उडायचं.

[नाट्यगृह. रिकामा रंगमंच, मखमली पडदा.]

चित्रपट पाहिल्यावर एका संगीत नाटकाच्या प्रयोगाला गेलो. अर्धं सभागृह रिकामं. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले. आणि पडद्याआड कुणीतरी खाकरून गळा साफ केला. शेवटच्या रांगेत बसलो होतो मी. तिथपर्यंत ऐकू आलं.

[पडदा हलतो.]