घाट, पाऊस आणि बोटाएवढी एक पिन

(पडद्यावर: आंबा घाटाचा शेवटचा उतार. मेअखेरची दुपार. रस्त्याच्या कडेला उभी एक छोटी पांढरी गाडी.)

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे येताना आंबा घाट उतरला की साखरप्याच्या आसपास बरेच जण गाडी बाजूला घेतात. कुणाला चहा हवा असतो, कुणाचं पोर गाडी लागून कासावीस झालेलं असतं. त्या दुपारी आम्ही थांबलो ते वासामुळे. उग्र, करपट वास. उतरून पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला आणि तसाच मागे घेतला. रिमच्या जाळीतून भट्टीसारखी धग येत होती. उजवं चाक मात्र नुसतं कोमट.

ब्रेक पॅड चारच महिन्यांपूर्वी बदलले होते. पावती गाडीच्या कप्प्यात होती.

गाडी गार होऊ दिली आणि हळूहळू पुढच्या गॅरेजपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रींनी चाकाकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं आणि एकच विचारलं, "पॅड बदलले तेव्हा वरची पिन बाहेर काढली होती काय?"

ती पिन म्हणजे काय, ती का अडकते आणि ती बदलताना काय सांभाळायचं, हे आज त्यांच्याच गॅरेजमध्ये उभं राहून बघू.

(पडद्यावर: टेबलावर सुटा कॅलिपर. मिस्त्री तो दोन्ही हातांनी आडवा सरकवून दाखवतात.)

चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड. आणि या दोघांना चिमट्यासारखं कवेत घेणारा हा कॅलिपर. आपण पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन बाहेर येतो आणि आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो. बाहेरच्या बाजूला मात्र पिस्टन नाही. मग बाहेरचा पॅड कोण दाबतं?

कॅलिपर स्वतःच. पिस्टन आतल्या पॅडला रेटतो, त्याच रेट्याने कॅलिपरचं सगळं धड उलट्या दिशेने सरकतं आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कवर आणतं. हे सरकणं मिलिमीटरच्याही काही अंशाचं, डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण ते झालंच पाहिजे, आणि पेडल सोडल्यावर पॅड मोकळा व्हायचा तर परत सैलही झालं पाहिजे. हे सरकणं दोन पिनांवर होतं. एक वर, एक खाली. बोटाएवढ्या, गुळगुळीत, ग्रीस लावलेल्या. कॅलिपर ज्याला धरून असतो त्या ब्रॅकेटच्या भोकांत त्या आत-बाहेर होतात. पाणी-माती आत जाऊ नये म्हणून प्रत्येकीवर घडीचं रबरी बूट असतं.

डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच घेतलं होतं. पुढे तो गाड्यांवर रुळला तेव्हा डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असायचे. सरकता कॅलिपर आला आणि एका बाजूच्या पिस्टनवर काम भागलं. वजन कमी, खर्च कमी, चाकाच्या आत जागाही कमी लागते. म्हणून आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत हाच असतो. या सोयीची सगळी भिस्त त्या दोन पिनांवर आहे.

कोकणात त्यांची परीक्षा जरा जास्तच होते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने चाकं पाण्यात, चिखलात. उरलेले महिने खारी हवा आणि लाल धूळ. वर घाट. हजार किलोची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेवर १५ लिटर पाणी उकळेल. त्यातली काही इंजिन आणि हवा घेतात, बाकीची पॅड आणि डिस्कवर येते. उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यायची ती यासाठीच.

(पडद्यावर: चाक काढलं आहे. दोन पॅड शेजारी शेजारी.)

हे त्या डाव्या चाकातले पॅड. चार महिन्यांचे. बाहेरचा जवळपास नव्यासारखा. आतला मात्र इतका झिजलाय की मागची पत्र्याची पाटी दिसायला आलीय. दोन पॅडच्या जाडीतला हा फरक म्हणजे अडकलेल्या पिनेची सर्वांत बोलकी खूण. कॅलिपर सरकला नाही की बाहेरचा पॅड आरामात बसतो आणि सगळं काम आतल्यावर पडतं. कधी एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा तिरका झिजलेला निघतो. पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण एका बाजूने अडकतो आणि ओढला की वाकडा येतो, तसंच हे. एक पिन चालते, दुसरी अडते.

चाक न काढताही काही गोष्टी कळतात. सपाट रस्त्यावर मोकळी सोडलेली गाडी लगेच मंदावते. ॲव्हरेज कमी होतं. ब्रेक लागून राहिलेल्या बाजूला गाडी किंचित ओढते. आणि गंमत अशी की जोरात ब्रेक दाबल्यावर ती दुसऱ्या बाजूला ओढू शकते, कारण अडकलेला कॅलिपर पूर्ण जोर लावतच नाही. हे ओढणं दरवेळी जाणवतंच असं नाही. आम्हाला जाणवलं नव्हतं. रस्त्याच्या उताराने किंवा टायरमधल्या हवेनेही गाडी ओढते, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरा आजार याच्या उलटा. पिन अडकत नाही, झिजून सैल होते. मग खडबडीत रस्त्यावर पुढच्या चाकातून बारीक खडखड येते. लोक सस्पेन्शनचे सुटे भाग बदलत बसतात आणि आवाज तसाच राहतो. मिस्त्रींची युक्ती साधी आहे. मोकळा, सुरक्षित रस्ता बघायचा, खडखड सुरू असताना ब्रेकच्या पेडलवर पाय अगदी हलका टेकवायचा. आवाज त्या क्षणी थांबला तर आधी कॅलिपरकडे बघा. पॅडने डिस्क धरली की कॅलिपरला हलायला जागा उरत नाही, म्हणून तो गप्प होतो.

आता एक प्रामाणिक शंका घ्यायला हवी. चाक जाम होतंय म्हणजे पिनच दोषी, असं कशावरून? पिस्टन गंजून अडकला असेल. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला असेल. मग दाब जातो, पण परत येत नाही. पॅडचे कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने धरले असतील. मिस्त्री हे एकेक करून वगळतात. जाम झालेल्या चाकाचा निपल, म्हणजे ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढायचा छोटा स्क्रू, किंचित उघडला आणि चाक लगेच मोकळं फिरलं, तर दाब पाइपात कोंडला होता. पिनेचा त्यात दोष नाही. इथे निपल उघडूनही चाक घट्टच राहिलं. मग कॅलिपर सोडवून पिस्टन चापाने आत ढकलून पाहिला. तो सरळ, एकसारखा गेला. पॅडचे कानही मोकळे होते. उरल्या पिना. खालची बोटांनी आत-बाहेर झाली. वरची हललीच नाही.

(पडद्यावर: वरच्या पिनेचं रबर जवळून. घडीत बारीक चीर.)

वरचीच का? मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच आहे. पुष्कळ गाड्यांत पॅड बदलायला खालचा एकच बोल्ट काढावा लागतो. कॅलिपर वरच्या पिनेवर दाराच्या झडपेसारखा वर उचलता येतो. जुने पॅड काढले, नवे घातले, कॅलिपर खाली पाडला, बोल्ट आवळला. काम झालं, वेळ वाचला. वरची पिन मात्र गाडी शोरूममधून निघाल्यापासून कुणी बाहेर काढलेलीच नसते. तिचं ग्रीस कधीच सुकलेलं असतं. रबराला चीर पडली की पहिल्या पावसात पाणी आत जातं आणि तिथेच मुरतं. नवे पॅड घातले तरी ते त्याच अडलेल्या कॅलिपरमध्ये बसतात. म्हणून ते चार महिन्यांत संपतात.

हे काम स्वतः करायचं असेल तर हात बसलेला असावा, नाहीतर जाणत्याजवळ उभं राहून करून घ्यावं. ब्रेक आहे हा.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे, हँडब्रेक वर ओढलेला. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला घोडी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारा पक्का आधार, हवीच. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ काम करायचं नाही. ब्रेकची काळी भुकटी हवा मारून उडवायची नाही, फुंकायचीही नाही. ती फुप्फुसात जाते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसायची.

पिनेचा बोल्ट सोडवताना पिन स्वतःच फिरते. म्हणून गोटीच्या पान्याने बोल्ट आणि दुसऱ्या पातळ पान्याने पिनेची कडा धरायची. कॅलिपर सुटला की तो रबरी पाइपावर लोंबकळू द्यायचा नाही. तारेने वर बांधायचा. पाइप आतून तुटला तर बाहेरून दिसत नाही.

अडकलेल्या पिनेवर मिस्त्रींनी हातोडा उचललाच नाही. गंज सोडवणारं तेल सोडलं, थांबले, मग पान्याने पिन थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवली. पुन्हा तेल. वीस मिनिटांनी ती कुरकुरत बाहेर आली. मधला भाग तपकिरी, अंगावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. असे खड्डे पॉलिश पेपरने घासून पिन परत घालण्याचा मोह होतो. घालू नये. वरचा गुळगुळीत थर गेला की गंज तिथूनच पुन्हा धरतो. पॅडच्या जोडीच्या मानाने पिन आणि रबरांचं किट स्वस्त असतं.

भोक आतून गोल ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करायचं, तळाशी साचलेलं जुनं ग्रीस काढायचं. ड्रिल फिरवून भोक मोठं करायचं नाही. मग नवी पिन कोरडीच आत घालून हलवून बघायची. नव्या पिनेलाही भोकात ढिलेपणा जाणवला तर ब्रॅकेट झिजलंय. तेही बदलावं लागेल. आमचं ब्रॅकेट बचावलं.

(पडद्यावर: दोन पिना. एकीच्या टोकाला रबरी नळी.)

काही गाड्यांत दोन पिना एकसारख्या नसतात. एकीच्या टोकाला खडखड थांबवणारी रबरी नळी असते. ती वरची की खालची, हे गाडीगणिक बदलतं. म्हणून पिना काढतानाच खूण करायची.

आणि ग्रीस. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण चांगल्या हेतूने केलेली चूक इथेच होते. बेअरिंगसाठी डबा उघडा असतो, तेच ग्रीस पिनेला फासलं जातं. ब्रेकमधली रबरं सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. त्यांना ब्रेक ऑइल चालतं, पण खनिज तेल चालत नाही. साध्या ग्रीसमधलं तेल पिऊन ती भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगतात आणि पिनेला घट्ट आवळतात. म्हणजे पिन मोकळी व्हावी म्हणून लावलेल्या ग्रीसनेच ती जाम होते. तांब्याचं ग्रीसही इथलं नाही. ब्रेकच्या पिनांसाठी बनवलेलं, रबराला चालणारं, उष्णता सोसणारं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीसच हवं. रबर धुवायला पेट्रोल-डिझेलही वापरायचं नाही.

तेही पातळ थरात. भोक ग्रीसने ठासून भरलं तर पिन आत जात नाही, दाबली तर स्प्रिंगसारखी मागे येते, कारण आत कोंडलेल्या हवेला वाट नसते. पिन पूर्ण आत दाबायची, बुटाची कड किंचित उचलून हवा सोडायची, मग बुटाची ओठासारखी कड खाचेत नीट बसलीय का, हे बोट फिरवून बघायचं. पॅड किंवा डिस्कला ग्रीसचा डागही नको.

बोल्ट किती आवळायचे? त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा असतो; टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, लावून तेवढेच. नवे जाड पॅड घालण्यासाठी पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतलं ब्रेक ऑइल चढतं, त्यावर लक्ष ठेवायचं. ते रंगावर सांडलं तर रंग सोलवटतं. या गाडीचं ऑइल मिस्त्रींनी बदलूनच टाकलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा प्यायलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये ते उकळलं तर घाटात पेडल मऊ पडतं, खाली जातं. आम्ही त्या दुपारी त्याच्या किती जवळ होतो, याचा विचार करून आजही पोटात खड्डा पडतो.

शेवटची गोष्ट मिस्त्री दोनदा सांगतात. "चाक बसवलंत, गाडी खाली घेतलीत, तरी चावी फिरवून लगेच निघायचं नाही. आधी पेडल मारा. घट्ट होईपर्यंत मारा." पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी मागे घेतली तर ती भिंतीवर जाऊनच थांबते.

उजव्या चाकाच्या पिनाही त्याच दिवशी बदलल्या. त्या सरकत होत्या, पण ग्रीस सुकून पिवळं मेण झालं होतं.

(पडद्यावर: जुलै. मुसळधार पाऊस. तेच गॅरेज, तीच गाडी घोडीवर.)

सहा आठवडे, घाटाच्या चार फेऱ्या आणि अर्धा पावसाळा. मिस्त्रींनी डावं चाक उतरवलं, दोन्ही पॅडची जाडी मापली. आतला आणि बाहेरचा, फरक अर्ध्या मिलिमीटरचाही नाही. मग खालचा बोल्ट सोडवला. आणि त्याच्या मागोमाग, कुणी न सांगता, वरचाही.

(पिन बाहेर येते. मिस्त्री ती बोटांत धरून उजेडात फिरवतात. ग्रीस ओलं आहे.)