डॅनियल मेंडोझा: हुशारीनं लढणारा मुष्टियोद्धा

श्रोतेहो, नमस्कार.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मुष्टियुद्ध उघड्या मुठींनी चालायचं. एक जण खाली पडला की फेरी संपली. मग अर्ध्या मिनिटात उठून पुन्हा समोर उभं राहायचं, नाही जमलं तर हार. वजनगटाची भानगडच नव्हती. त्यामुळे आडदांड माणसाची चलती असे. पाय रोवून उभं राहायचं, ठोसे द्यायचे आणि खायचे, यालाच मर्दानगी म्हणत.

या खेळात लंडनच्या पूर्व भागातल्या ज्यू वस्तीतून डॅनियल मेंडोझा उतरला. उंची 5 फूट 7 इंच, वजन 70 किलोच्या थोडं वर. समोरचे गडी त्याच्यापेक्षा थोराड. त्यांच्याशी ताकदीनं भिडून निभाव लागणार नव्हता, म्हणून त्यानं वेगळा मार्ग धरला. येणारा ठोसा हातावर अडवायचा, अंग चोरून बाजूला व्हायचं, प्रतिस्पर्धी तोल सावरतोय तोवर दोन-तीन बुक्के लगावायचे. आपल्याकडे कुस्तीत डावपेचांना जो मान आहे, तो मुष्टियुद्धात मिळवून देणाऱ्यांत मी त्याला फार वरचं स्थान देतो. अनेकांनी मात्र याला पळपुटेपणा म्हणून हिणवलं.

रिचर्ड हम्फ्रिजशी त्याच्या तीन लढती गाजल्या. 1788च्या जानेवारीत ओडिहॅमला पावसानं ओल्या झालेल्या फळ्यांवर पहिली झाली. मेंडोझाचा एक जोरदार ठोसा हम्फ्रिजच्या साहाय्यकानं मध्ये पडून अडवला, तरी पंचांनी लढत चालू ठेवली. पुढे पाय दुखावून मेंडोझा हरला. मग दोघांमध्ये वर्तमानपत्रांतून जाहीर पत्रयुद्ध रंगलं! 1789ला स्टिल्टन आणि 1790ला डॉनकास्टर, दोन्हीकडे मेंडोझानं बाजी मारली. पुढे बिल वॉरला हरवून तो इंग्लंडचा विजेता ठरला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची तालीम. तिथे तो स्वतः शिकवायचा, शिवाय 1789 साली त्यानं या कलेवर पुस्तकही लिहिलं. त्या काळी लंडनच्या रस्त्यावर ज्यू माणसाला शिव्या देणं, धक्के मारणं, दाढी ओढणं सर्रास चाले. समाजसुधारक फ्रान्सिस प्लेस यांनी लिहून ठेवलंय, की मेंडोझामुळे ज्यू तरुण मुष्टियुद्ध शिकले आणि त्यांच्या वाटेला जाणं गुंडांना महाग पडू लागलं.

1795च्या एप्रिलमध्ये हॉर्नचर्चला जॉन जॅक्सन त्याच्यासमोर उभा राहिला. वयानं लहान, अंगानं थोराड. पाचव्या फेरीत जॅक्सननं मेंडोझाचे लांब केस एका हातानं घट्ट पकडले आणि दुसऱ्या हातानं त्याच्यावर ठोसे बरसवले. तक्रार झाली, पण केस धरायला नियमांत मनाई नव्हती. नवव्या फेरीअखेर मेंडोझाची विजेतेपदाची कारकीर्द संपली. नियमात बसलं म्हणून मी त्या विजयाला थोर म्हणणार नाही. जॅक्सननं नंतर उमरावांच्या मुलांना धडे दिले, कवी बायरनही त्याचा शिष्य.

मेंडोझानं पुढे दारूचा गुत्ता चालवला, कर्जापायी तुरुंग पाहिला, आत्मचरित्र लिहिलं. 1820 साली, पन्नाशी उलटल्यावरही, तो टॉम ओवेनशी लढला आणि हरला. 1836 साली गरिबीतच त्याचा मृत्यू झाला. मागे पत्नी आणि मोठं कुटुंब होतं.

नमस्कार.