पिक्चर ट्यूबवरचा मारिओ

(पडद्यावर : पिवळी कॅसेट. मागचे स्क्रू एकेक करून निघतात.)

व्हिडिओ गेमची ही कॅसेट उघडली की आत फारसं काही दिसत नाही. एक हिरवी पट्टी, तिच्यावर वाळलेल्या डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा, आणि खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी मिळून ६० दात. त्या गोळ्याखाली चिप आहे आणि त्या चिपमध्ये मारिओ. अख्खा गेम ४० किलोबाइटचा. सकाळी मोबाइलवर येणारे 'सुप्रभात'चे फोटोही याहून मोठे असतात. एवढ्याशा जागेत सगळं बसवायचं म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकाच चित्रातून काढलंय. फक्त रंग वेगळा.

मूळ मशीन जपानचं. निन्टेन्डो कंपनीनं १९८३ साली ते 'फॅमिकॉम' या नावानं विकायला काढलं. मारिओचा हा गेम आला १९८५ मध्ये. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला जे पोहोचलं ते बहुतेक वेळा फॅमिकॉम नव्हतं, त्याची नक्कल होती. कुणाच्या डब्यावर 'लिटल मास्टर', कुणाच्या 'टर्मिनेटर', आणि कितीतरी डब्यांवर काहीच नाव नाही. पण आतली रचना तीच आणि कॅसेटचे दातही तेवढेच. म्हणून धुळ्याची कॅसेट भुसावळच्या मशीनमध्ये बिनबोभाट चालायची.

(पडद्यावर : तापी काठची रेल्वे, खिडकीतून दिसणारी केळीची शेतं.)

खानदेशातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी सुरतेला गेली. कुणी कापडाच्या गिरणीत, कुणी हिऱ्यांच्या कारखान्यात. दिवाळीला गाडीनं परतताना त्यांच्या पिशवीत साड्या, सुतरफेणी आणि कधीकधी हा डबा असायचा. ज्या घरी सुरतेचा मामा, त्या घरी व्हिडिओ गेम. बाकीच्या पोरांनी त्या घराशी भांडण करायचं नाही, हा नियम कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होता.

डबा आला म्हणजे गेम लगेच सुरू झाला असं नाही. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, तिथं गेमची वायर खोचायची. मग टीव्हीच्या पुढच्या झाकणाआडची ती बारीक चक्री नखानं फिरवायची. पडद्यावर नुसत्या मुंग्या. चक्री जरा पुढं गेली की मुंग्यांत आडव्या रेघा उमटायच्या, मग आवाज यायचा, पण चित्र काळं-पांढरं. अजून केसभर फिरवली की एकदम निळं आकाश. हे काम घरात एकालाच जमायचं, बहुतेक करून मोठ्या भावाला, आणि त्याचा मान तेवढ्यापुरता वडिलांपेक्षा जास्त असायचा. माय स्वयंपाकघरातून ओरडायची, "बंद कर रे ते, ट्यूब उडी जाई!" ट्यूब म्हणजे जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, जिच्या काचेवर चित्र उमटतं. ती क्वचितच उडाली असेल, पण ही धास्ती घरोघरी होती.

मे महिन्यातली दुपार, जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात. बाहेर जायची सोयच नाही. कूलरसमोर सहा-सात पोरं आणि रिमोट दोनच. एक लाईफ गेली की रिमोट पुढच्याला. "आते मना नंबर शे!" हे वाक्य दुपारभर ऐकू यायचं.

माझ्या मते या सगळ्यांत थोर गेम म्हणजे टँकवाला. नामको कंपनीचा, १९८५ चा, 'बॅटल सिटी'. काँट्राचं कौतुक सगळे करतात, करावंही. पण टँकमध्ये दोघांना एकत्र नांदावं लागतं. खाली विटांच्या भिंतीत गरुड बसलेला, आणि वरून एकेक करत शत्रूचे २० टँक येणार. गरुड फुटला की दोघांचाही खेळ खलास, हातात कितीही लाईफ असोत. एकानं गरुडाजवळ थांबायचं, दुसऱ्यानं पुढं जायचं. फावडं मिळालं तर विटांच्या जागी थोडा वेळ पोलादी भिंत. आणि चुकून आपली गोळी जोडीदाराला लागली तर तो मरत नाही, जागच्या जागी अडकून पडतो, समोरून शत्रू येत असताना. भाऊ-बहिणींमधले काही जुने वाद आजही त्या एका गोळीवर येऊन थांबतात.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. आत गेम मोजकेच. तेच पुन्हा पुन्हा, कुठं दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कुठं जास्त लाईफवाले. तरी त्या लांबलचक यादीत खाली खाली जात राहण्यात एक मजा होती.

आणि लाईट. लोडशेडिंगच्या काळात सगळ्यात मोठा शत्रू तोच. कॅसेटमध्ये खेळ साठवायची सोय नाही. आठव्या जगापर्यंत पोहोचलेला मारिओ लाईट गेली की गेला, आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

(पडद्यावर : खोक्यातल्या कॅसेट, कापसानं दात पुसणारे हात.)

आता आम्ही हे गोळा करतो. जळगाव, चाळीसगाव, अमळनेर, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या धान्याच्या कोठीमागं. कॅसेट चालेना की फुंकर मारायची सवय सगळ्यांना होती. खरं तर ती काढून परत बसवल्यानं संपर्क जुळायचा; फुंकरीतल्या ओलाव्यानं दात उलट खराब होतात. आम्ही कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसतो. काळा मळ निघतो आणि तीस वर्षं पडून असलेली कॅसेट बऱ्याचदा पहिल्याच दमात चालते.

जगभरचे संग्राहक जपानी अस्सल मशीनमागं असतात. आम्हाला नक्कलच हवी आहे. खानदेशातल्या घरात जी होती, तीच जपायची. जुने फाटके खोके, हातानं लिहिलेले स्टिकर, चिकटपट्टी लावलेला अ‍ॅडाप्टर, सगळं.

मात्र एक गोष्ट वेगानं संपत चालली आहे, आणि ती म्हणजे गेम नव्हे, पिक्चर ट्यूबचा टीव्ही.

(पडद्यावर : बंदूक. ट्रिगर. हळू वेगात पडदा.)

बदकं मारायच्या गेमची ही बंदूक. तिच्यातून काहीही सुटत नाही. नळीत उजेड ओळखणारा डोळा आहे. ट्रिगर दाबला की क्षणभर पडदा पूर्ण काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तरच नेम बरोबर. काळा पडदा आधी का? कुणी बल्बकडे बंदूक धरून फसवू नये म्हणून. हा सगळा हिशोब पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलेला आहे. नवा एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो. तेवढा उशीर पुरतो. बंदूक चांगली, कॅसेट चांगली, नेमही चांगला, आणि बदक उडून जातं.

कॅसेट खिशात मावते म्हणून टिकली. टीव्ही जागा अडवतो, म्हणून भंगारात जातो. तांब्यासाठी तो फोडतात, काच उकिरड्यावर पडते. चालू असलेले टीव्हीसुद्धा असेच गेलेले आम्ही पाहिले आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

तुमच्याकडे असा टीव्ही असेल, बंद असला तरी, तर विकण्याआधी एकदा गावातल्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला दाखवा. स्वतः मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा दाब राहू शकतो. ओल नसलेल्या खोलीत ठेवा, वर जड सामान रचू नका. आणि हलवायचाच झाला तर दोघांनी उचला, काचेची बाजू अंगाकडे घेऊन. सगळं वजन पुढं असतं.