काट्यावरचा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

आज मी बोलणार आहे प्लेसमेंटच्या धंद्याबद्दल, म्हणजे माणसं कामाला लावून देण्याच्या धंद्याबद्दल. मंदी आली की या धंद्याचं काय होतं आणि तो कसा तग धरतो, हे मला सांगायचं आहे. गोव्यात फोंड्याला बाजाराजवळ पहिल्या मजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. 2003 साली ते सुरू केलं. तेव्हापासून मी तीन मंद्या पाहिल्या. 2008 सालची जगाची, 2012 सालची आपल्या लोहखनिजाच्या खाणींची आणि 2020 सालची कोविडची.

आधी आमची कमाई कुठून येते ते सांगते. नोकरी शोधणाऱ्याकडून आम्ही पैसे घेत नाही. पैसे कंपनी देते. माणूस कामाला लागला की त्याच्या वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के. म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यातही अट असते. माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला, तर त्याच्या जागी दुसरा फुकट द्यायचा. माणूस लागला नाही, तर आम्हाला काहीच नाही. वर्षभर खेटे घातले तरी काहीच नाही.

आता मंदी आली की कंपनी पहिल्यांदा काय थांबवते? जागेचं भाडं करारात अडकलेलं असतं, मशीन विकायला वेळ लागतो. पण रिकामी जागा न भरणं एका दिवसात जमतं. एक फोन येतो, "मॅडम, सध्या थांबा." 15 सप्टेंबर 2008 रोजी तिकडे अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि दिवाळीपर्यंत माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त जागांवर "सध्या थांबा" आलं होतं. कुठे न्यूयॉर्क, कुठे आपल्या वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहती! पण साखळी तशीच जोडलेली असते.

मला त्या वेळी काही कळलं नाही. मी वाट पाहिली, दीडेक वर्षात गाडी रुळावर आली. मला शिकवलं ते 2012ने, आणि 2012 म्हटलं की मला एकच माणूस आठवतो. त्याची गोष्ट मी आज नीट सांगणार आहे, कारण सगळा धंदा त्या एका गोष्टीत आहे.

तुम्हाला आठवत असेल. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल संसदेत आला, लगोलग राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली. डिचोली, साखळी, सांगे, कुडचडे, सगळीकडे खनिज वाहणारे टिप्पर रांगेने उभे. मांडवी नदीत खनिज वाहणारे बार्ज नांगर टाकून पडलेले. एक गोष्ट मात्र मी बोलणारच. त्या रस्त्यांवरची तांबडी धूळ खाली बसली आणि माझ्या मावशीने कित्येक वर्षांनी पहिल्यांदा पांढरे कपडे अंगणात वाळत घातले. खाण हवी की नको यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण त्या धुळीत राहिलेल्या बायकांना कोणी विचारत नाही. त्यांना विचारायला हवं होतं. असो.

तर नोव्हेंबर उजाडला. एका सकाळी जिन्यावर चपला वाजल्या आणि दारात एक गृहस्थ उभे राहिले. वय 46. हातात प्लास्टिकची फाईल, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. मला म्हणाले, "बाय, काम आसा?"

मी बायोडाटा घेतला. एकच पान. त्यात लिहिलेलं होतं: शिक्षण बारावी, अनुभव मायनिंग, 19 वर्षं. बस्स. 19 वर्षांचं आयुष्य एका शब्दात. त्या महिन्यात माझ्या टेबलावर असे किती तरी बायोडाटा होते आणि त्या शब्दापाशी आले की एचआरवाले पान उलटायचे.

मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि म्हटलं, "भाऊ, कामावरचा शेवटचा दिवस सांगा मला. सकाळी घरातून निघालात तिथपासून."

ते चाळीस मिनिटं बोलले. ते काट्यावर बसायचे. काटा म्हणजे गाड्यांचं वजन होतं तो. भरलेली गाडी चढली की वजन घ्यायचं, आधी रिकाम्या गाडीचं घेतलेलं वजन त्यातून वजा करायचं, नंबर लिहायचा, ट्रिपची स्लिप फाडायची. संध्याकाळी खाणीवरून निघालेला माल आणि जेटीवर पोचलेला माल यांचा मेळ घालायचा. जमलं तर निळ्या पेनाची सही. फरक पडला तर लाल पेनाने गोल करायचा आणि तो फरक सापडेपर्यंत घरी जायचं नाही. बोलता बोलता त्यांनी फाईलमधून एक वही काढली. लांबट, रेघांची, कडा तेलकट झालेली. पान न पान भरलेलं. मी उलटून पाहिली. लाल गोल क्वचितच दिसले, आणि जे होते त्या प्रत्येकाच्या बाजूला कारण लिहिलेलं. "टायर बदलला, रिकामं वजन पुन्हा घेतलं." "पावसात माल भिजला."

श्रोतेहो, मी ते "मायनिंग" खोडलं आणि बायोडाटा पुन्हा लिहिला. आवक-जावक, वजन, रोजचा मेळ, फरकाची नोंद. खोटं एक अक्षर घातलं नाही. जे होतं तेच लिहिलं. माणूस तोच, काम तेच, फक्त ते समोरच्याला दिसेल असं मांडलं. हे मी पुन्हा सांगते, कारण घरात कोणी बायोडाटा लिहीत असेल तर उपयोगी पडेल: कंपनीचं नाव आणि वर्षं लिहून थांबू नका, दिवसभर हाताने काय केलंत ते लिहा.

कुंडईच्या एका औषध कंपनीला गोदामात माणूस हवा होता. औषधांना मंदी कमी लागते, कारण आजारी पडायचं कोणी पुढे ढकलत नाही. मी फोन केला. तिथले साहेब सरळ म्हणाले, "मॅडम, खाणीचा माणूस नको. उद्या खाण सुरू झाली की हा पळणार. मग आम्ही काय करायचं?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. भीती खरी होती. मी म्हटलं, "एकदा भेटा तरी."

भेट ठरली. मी सोबत गेले. गेटवर आम्हाला अर्धा तास थांबवलं. समोर माल उतरवायची जागा होती आणि तिथे जमिनीवरचा एक वजनकाटा. भाऊ उठले, लांबूनच त्याच्याकडे पाहत राहिले, मग जवळ जाऊन वाकले आणि परत येऊन गप्प बसले. मुलाखत इंग्रजीत सुरू झाली. भाऊ अडखळले. मला राहवलं नाही. गोदामात गोण्या मोजायला इंग्रजी कशाला लागतं? ज्या भाषेत माणूस काम करणार, त्याच भाषेत त्याची मुलाखत घ्यावी, कोकणीत घ्या, मराठीत घ्या. हे माझं कायमचं म्हणणं आहे आणि मी ते तिथेही बोलले. साहेब भले माणूस, ते मराठीवर आले. शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

भाऊ म्हणाले, "साहेब, बाहेरच्या काट्याची पासिंगची तारीख गेलीय. वजनमाप खात्याचा शिक्का मारून वर्ष उलटलं."

साहेबांनी शिपायाला पाठवलं. तो काट्याजवळ टांगलेलं सर्टिफिकेट घेऊन आला. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. औषध कंपनीत तपासणीला येणारा माणूस काय पाहतो? हेच पाहतो. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सहा महिने. पण आमच्या रजिस्टरवर नको, तुमच्या रजिस्टरवर ठेवा."

या एका वाक्याने माझा धंदा बदलला. तोवर मी माणूस लावून द्यायचे आणि माझा हिस्सा घेऊन बाजूला व्हायचे. आता माणूस माझा. त्याचा पगार मी द्यायचा, पीएफ मी भरायचा, आणि कंपनीने मला बिलाप्रमाणे पैसे द्यायचे, वर थोडा सर्व्हिस चार्ज. याला कॉन्ट्रॅक्ट स्टाफिंग म्हणतात. मंदीत आमचा धंदा याच वाटेने वळला. कंपनीला माणूस हवा असतो, पण त्याची जबाबदारी घ्यायला ती घाबरते. ती भीती कोणीतरी उचलावी लागते. मंदीत आम्ही माणूस शोधण्याचे पैसे घेत नाही, ती भीती उचलण्याचे घेतो. माणूस शोधण्याचे नाही, भीती उचलण्याचे.

आणि ती उचलणं स्वस्त नाही. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्यायला लागतो, कायदा तसा आहे. कंपनी बिलाचे पैसे देणार 45 दिवसांनी. मधले दिवस कुठून काढायचे? पहिल्या महिन्यात एका माणसाचा पगार होता, घरातून निघाला. फेब्रुवारीपर्यंत माझ्या रजिस्टरवर 11 जण झाले आणि मी अर्बन बँकेतली फिक्स्ड मोडली. ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवली होती. नवऱ्याने एक शब्द विचारला नाही, बँकेत सोबत आला आणि फॉर्मवर सही केली. त्या 11 जणांचा पगार एकदाही 7 तारखेच्या पुढे गेला नाही.

भाऊंचे सहा महिने संपले, आणखी सहा झाले, मग कंपनीने त्यांना आपल्या रजिस्टरवर घेतलं. एप्रिल 2014 मध्ये कोर्टाने बंदी उठवली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. पुढच्या वर्षी खाणी हळूहळू सुरू झाल्या आणि भाऊंना जुन्या ठिकाणाहून बोलावणं आलं. ते गेले नाहीत. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. त्याच आठवड्यात भाऊ जिना चढून आले, सोबत दोन जण. एक जुना टिप्परवाला, एक जेटीवर नोंदी ठेवणारा. मला म्हणाले, "मॅडम, यांचा शेवटचा दिवस विचारा."

माझा वेळ बराच गेला, तर आता 2020कडे येते. 2020 वेगळं होतं, कारण आपल्याकडे हॉटेलं आणि बोटी एकदम थांबल्या. गोव्यातल्या किती घरांत तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, आहेत ते तुम्हाला सांगायला नको. क्रूझवरची आपली माणसं परत आली, सीडीसीचं, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदीचं, पुस्तक कपाटात गेलं. एक गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, काम करणारा मुलगा होता, सत्तरी तालुक्यातला. हजारो माणसांचं जेवण वेळेवर काढायची त्याला सवय होती. त्याला मी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर लावलं. तेव्हा पुष्कळ आया मला म्हणायच्या, कॉन्ट्रॅक्ट म्हणजे खरी नोकरी नव्हे, सरकारी बघा. मला हे पटत नाही. सरकारी जागेच्या आशेवर पंचविशीची उमेदीची वर्षं घरात बसून घालवणारी मुलं मी रोज पाहते आणि पोटात तुटतं. शिवाय त्या मुलाला कॉन्ट्रॅक्टच हवं होतं. बोटी सुरू झाल्या की सात दिवसांच्या नोटिशीवर निघता यावं म्हणून.

पण मंदीत या धंद्यात वाईट माणसंही शिरतात, आणि हे मला आज सांगितल्याशिवाय जायचं नाही. कंपन्या पैसे देईनाशा झाल्या की काही जण ते नोकरी मागणाऱ्याकडूनच काढतात. कंपनीने टाळलेली भीती ते नडलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवतात. नीट ऐका. बोटीवर पाठवणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात, आणि तो नोकरी लावून देण्याबद्दल तुमच्याकडून काहीही घेऊ शकत नाही. मेडिकल, पासपोर्ट, सीडीसी, एवढाच तुमचा खर्च. गल्फला पाठवणाऱ्या एजंटला 1983च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि तो जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, तेही पावती देऊन. पुन्हा सांगते. बोटीसाठी शून्य. गल्फसाठी 30 हजार आणि जीएसटी, पावतीसह.

त्या सत्तरीच्या मुलाला 2021च्या पावसाळ्यात एक फोन आला. जॉयनिंग नक्की, दीड लाख आधी भरा, जागा दोनच आहेत. घरात आईची पाटल्यांची जोडी होती, ती काढून ठेवलीही होती. तो कॅन्टीनमधून ॲप्रन न काढता थेट माझ्याकडे आला. आम्ही कॉम्प्युटरवर डीजी शिपिंगची यादी उघडली आणि ते नाव शोधलं. यादीत ते नव्हतं. त्याने तिथूनच आईला फोन केला, "आई, पाटल्यो घाल."

नवरात्रानंतर त्याच्या जुन्या कंपनीचं पत्र आलं. त्याने सात दिवसांची नोटीस दिली, माझ्याकडे येऊन शेवटच्या महिन्याचा हिशेब सही करून घेतला आणि मुंबईला जाऊन बोटीवर चढला. पैसा एक भरला नाही.

नमस्कार.